कागद खरा की खोटा ते नंतर, आधी तो आला कुठून?

जुने कागद आणि चित्रं विकत घेणारे संग्राहक, लिलावगृहं आणि इतिहास संशोधन संस्थांचे पदाधिकारी यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेक जण मला ओळखत नाहीत, पण तुमच्या संग्रहातले काही कागद माझ्या नजरेखालून गेलेले आहेत. मी मोडी वाचतो. विक्रेता फोटो पाठवतो, मी मजकूर देवनागरीत उतरवून देतो आणि पुढे तोच कागद ‘तज्ज्ञांनी तपासलेला’ म्हणून तुमच्यासमोर येतो. मी तो तपासलेला नसतो, नुसता वाचलेला असतो. बनावट कागदही वाचता येतोच, उलट तो जरा जास्तच सुवाच्य असतो. हा फरक विक्रेत्यांना सांगून झाला, एका संस्थेच्या कार्यालयात बसून सांगून झाला. तिथे चहा मिळाला. म्हणून आता हे जाहीर पत्र.

खोट्या कागदाने कुणाचं काय वाकडं होतं, फार तर पैसे बुडतात, असं एका संग्राहकाने मला ऐकवलं. त्यावर मला अमेरिकेतलं एक प्रकरण आठवलं. ते इथे सविस्तर सांगणार आहे, कारण त्यात खून आहेत, कोर्ट आहे, शाईचं रहस्य आहे आणि त्यातली गिऱ्हाइकं तुमच्यासारखीच शिकलेली, सभ्य, चार पैसे बाळगून असलेली माणसं आहेत.

गाव सॉल्ट लेक सिटी, राज्य युटा. मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या पंथाचं मुख्य ठाणं. पंथाची स्थापना १८३० सालची, म्हणजे आपल्याकडे पेशवाई बुडून बारा वर्षं झाली होती तेव्हाची. इतका अलीकडचा धर्म असला की त्याचा उगम कागदोपत्री तपासता येतो. मग संस्थापक जोसेफ स्मिथच्या हातच्या एकेका चिठ्ठीला वजन येतं. कुणाला ती श्रद्धेचा पुरावा म्हणून हवी असते, कुणाला श्रद्धेला सुरुंग लावायला हवी असते, आणि कुणाला ती भलत्याच्या हाती पडू नये एवढ्यासाठीच हवी असते. या तिसऱ्या गिऱ्हाइकाकडे लक्ष ठेवा. तो कागद नीट पाहतही नाही, पाकिटात घालून कपाटात ठेवतो.

मार्क हॉफमन याच शहरात १९५४ साली जन्मला, याच पंथात वाढला, पंथाचा प्रचारक म्हणून इंग्लंडातही जाऊन आला. पोरवयातच त्याची श्रद्धा उडाली होती, पण ते त्याने कुणाला कळू दिलं नाही. १९८० मध्ये, कॉलेजात शिकत असताना, त्याला सतराव्या शतकातल्या एका बायबलच्या पानांत घडी करून चिकटवलेला कागद ‘सापडला’. घडी त्याने स्वतः उलगडली नाही. विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात नेली आणि तिथल्या जाणकारासमोर उलगडू दिली. हा डाव मला फार शिकण्यासारखा वाटतो: शोध लावल्याचा आनंद त्याने दुसऱ्याला दिला. ज्याच्या हातून कागद उघडतो तो त्या कागदाचा साक्षीदारच होऊन बसतो, आणि पुढे त्यावर शंका घेणं त्याला जड जातं. कागद खुद्द जोसेफ स्मिथच्या हातचा ठरला. चर्चने, म्हणजे पंथाच्या संस्थेने, बदल्यात त्याला सुमारे २०,००० डॉलर किमतीच्या जुन्या वस्तू दिल्या. वैद्यकीय शिक्षणाचा बेत मागे पडला आणि तो जुन्या कागदांचा व्यापारी झाला.

पुढची पाच वर्षं कागद ‘सापडत’ राहिले. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे १८३० सालचं म्हणून पुढे केलेलं एक पत्र. पंथाचा धर्मग्रंथ ज्यांवर कोरलेला होता ते सोन्याचे पत्रे जोसेफ स्मिथला देवदूताने दाखवले अशी पंथाची श्रद्धा, तर या पत्रात देवदूताऐवजी एक पांढरा सॅलमँडर, पालीसारखा दिसणारा प्राणी. म्हणजे सगळी कथा जादूटोण्याच्या अंगाने जाणारी. स्टीव्हन क्रिस्टेन्सन नावाच्या तरुण व्यावसायिकाने ते जानेवारी १९८४ मध्ये ४०,००० डॉलरना घेतलं, तपासायला दिलं आणि वर्षभराने चर्चला देऊन टाकलं. नामांकित तज्ज्ञाला त्यात खोटेपणाची खूण दिसली नाही. चर्चमधल्या वरिष्ठांनी तर सॅलमँडर या शब्दाला जुन्या काळी आणखी कोणता अर्थ होता हेही सांगायला सुरुवात केली. खोट्या पत्रावर खरी भाष्यं रचली जाऊ लागली.

या गर्दीत शंका घेतली ती जेराल्ड टॅनर या माणसाने. हा पंथाचा कट्टर टीकाकार. पत्र खरं ठरलं असतं तर सगळ्यात मोठा फायदा त्याचाच होता. तरी त्याने छापून टाकलं की या पत्रातला मजकूर १८३४ सालच्या एका पुस्तकातल्या मजकुराशी संशयास्पद जुळतो आहे, मला हे बरोबर वाटत नाही. घरात, बायकोशीसुद्धा त्याचं यावर एकमत नव्हतं. त्याच्याकडे ना प्रयोगशाळा होती ना सूक्ष्मदर्शक. आपल्या बाजूचा पुरावा म्हणून त्याने तो डोळे झाकून स्वीकारला नाही, एवढंच. आपल्याकडे एखाद्या घराण्याच्या, जातीच्या, गावाच्या बाजूचा कागद निघाला की त्याच बाजूच्या माणसाने उठून ‘थांबा’ म्हटल्याचं तुम्ही किती वेळा ऐकलं आहे?

हॉफमनचं कसब खरोखर मोठं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. जुन्या ग्रंथांतली कोरी पानं तो फाडून आणायचा, म्हणजे कागद त्याच काळचा. लोखंडाचं मीठ आणि मायफळाचा अर्क वापरून जुन्या पद्धतीची शाई तो घरी करायचा. त्या शाईवर रासायनिक प्रक्रिया करून तिला दीडशे वर्षांचा रंग आणायचा. अक्षर तर नुसतं गिरवलेलं नसायचं, त्या माणसाच्या हाताच्या लयीत लिहिलेलं असायचं. आणि कागदाला इतिहास चिकटवण्यात तो कसबाइतकाच हुशार होता. ‘ओथ ऑफ अ फ्रीमन’ हा इंग्रजांच्या अमेरिकी वसाहतीत १६३९ च्या सुमारास छापलेला पहिला कागद, त्याची मूळ प्रत कुणीही पाहिलेली नव्हती. हॉफमनने त्याच नावाचा एक किरकोळ कागद तयार केला, न्यूयॉर्कच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातल्या गठ्ठ्यात गुपचूप सरकवला आणि मग २५ डॉलर देऊन तो स्वतःच विकत घेतला. पावतीवर नाव पडलं ‘ओथ ऑफ अ फ्रीमन’. ती पावती हातात घेऊन त्याने दुसरा, घरी केलेला मोठा कागद अमेरिकेच्या संसद ग्रंथालयापुढे ठेवला. किंमत सांगितली पंधरा लाख डॉलर.

पावती खरी होती. दुकान खरं होतं. विकणारा प्रामाणिक होता.

आता खुनाकडे येतो. रहस्यकथांत बनावट चित्र करणाऱ्याचं बिंग फुटायला येतं आणि तो बिंग फोडणाऱ्याला मारतो. इथे तसं नव्हतं. १९८५ च्या ऑक्टोबरात, टॅनरसारखा एखादा सोडला तर, हॉफमनवर कुणाचाच संशय नव्हता, आणि त्याची अडचण नेमकी तीच होती. लोकांचा त्याच्यावर विश्वास होता आणि ते माल मागत होते. विल्यम मॅक्‌लेलिन हा पंथाच्या सुरुवातीच्या काळातला एक प्रमुख, पुढे पंथ सोडून गेलेला. त्याच्या रोजनिश्या आणि कागदांचा मोठा साठा आपल्याला मिळाला आहे, तो चर्चला अडचणीचा ठरेल, असं हॉफमनने सांगून ठेवलं होतं. चर्चमधल्या एका वरिष्ठाच्या शब्दावर त्याला बँकेतून १,८५,००० डॉलरचं कर्ज मिळालं, तेही विनातारण. साठा गुपचूप एखाद्या श्रद्धाळू गिऱ्हाइकाच्या हाती जावा आणि पुढे चर्चकडे यावा अशी योजना. क्रिस्टेन्सन त्यात मध्यस्थ आणि पारखी. आणि तो साठा हॉफमनकडे नव्हताच. एवढा मोठा गठ्ठा लिहून काढायला वेळ लागतो, आणि वेळ संपला होता.

मंगळवार, १५ ऑक्टोबर १९८५. सकाळी आठनंतर थोड्याच वेळात शहराच्या मध्यवस्तीतल्या जज बिल्डिंगमध्ये क्रिस्टेन्सनने आपल्या कार्यालयाच्या दाराशी ठेवलेलं पुडकं उचललं. आत पाइपबॉम्ब होता, भोवती खिळे. वय एकतीस. व्यवहार पुरा करण्याचा दिवस तोच होता. दीड-दोन तासांनी शहराबाहेरच्या एका घराशी ठेवलेलं दुसरं पुडकं कॅथलीन शीट्स या पन्नास वर्षांच्या बाईंनी उचललं. पुडकं त्यांच्या नवऱ्याच्या नावाचं होतं. त्यांचा कागदांशी काडीचा संबंध नव्हता. नवरा क्रिस्टेन्सनचा जुना मालक, त्याची वित्तकंपनी बुडायला आली होती. पोलिसांनी त्या बुडीत कंपनीच्या चिडलेल्या गुंतवणूकदारांमागे धावावं एवढ्यासाठी तो दुसरा बॉम्ब ठेवला गेला होता. तपास खरंच दिवसभर त्याच दिशेने धावला.

दुसऱ्या दिवशी तिसरा बॉम्ब फुटला, तो हॉफमनच्या स्वतःच्या गाडीत. तो जबर जखमी झाला आणि वर्तमानपत्रांत तिसरा बळी म्हणून त्याचं नाव झळकलं. मात्र गाडीचं दार उघडताच सीटवरचं पुडकं खाली पडलं, ही त्याची हकीकत आणि त्याच्या अंगावरच्या जखमा यांचा मेळ स्फोटकांच्या जाणकारांना लागेना. जज बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये क्रिस्टेन्सनच्या नावाचं पुडकं घेतलेला, हिरवं शाळकरी जाकीट घातलेला माणूस एका साक्षीदाराने पाहिला होता. तसं जाकीट हॉफमनच्या घरात मिळालं. ‘माइक हॅन्सन’ हे टोपणनावही मिळालं, ज्या नावाने छपाईचे ठसे करून घेतले गेले होते.

तरी सरकारी वकिलांपुढे मोठा प्रश्न उरला तो हेतूचा. ज्युरीला काय सांगणार? नामांकित व्यापारी आपल्याच गिऱ्हाइकाला का मारेल? कागद खोटे आहेत हे सिद्ध झाल्याशिवाय खुनाचा अर्थच लागत नव्हता, आणि कागद तर देशातल्या नाणावलेल्या पारख्यांच्या हाताखालून गेलेले. एफबीआयच्या प्रयोगशाळेलाही सॅलमँडरच्या पत्रात काही वावगं सापडलं नव्हतं.

इथे जॉर्ज थ्रॉकमॉर्टन आणि विल्यम फ्लिन हे दोन कागदपत्र-परीक्षक आले. त्यांनी जे केलं ते ऐकायला फार साधं आहे. संशयित कागद एकेकटा न पाहता त्यांनी चर्चच्या संग्रहातले त्याच काळातले शेकडो कागद काढून सूक्ष्मदर्शकाखाली घातले, आणि प्रत्येक कागदासमोर तो कुणाकडून आला ते मांडलं. काही कागदांवर शाईला बारीक भेगा होत्या, मगरीच्या पाठीसारख्या. अतिनील प्रकाशात काही कागदांवर निळसर झाक दिसायची, काहींवर शाईचा फिकट ओघळ एकाच दिशेला गेलेला, जसा ओला कागद दोरीला टांगून वाळवल्यावर जाईल. हे कागद वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेले होते, असं मानलं जात होतं. त्यांच्यात समान असं एकच होतं: ते हॉफमनच्या हातून आले होते. दुसरीकडून आलेल्या कागदांवर त्या भेगा नव्हत्या. फ्लिनने स्वतः शाई करून पाहिली. शाईत डिंक आणि नंतर जुनेपणासाठी रसायन, एवढं झालं की भेगा पडत होत्या.

या उकलीत शाईपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो समोर मांडलेला ‘कुणाकडून आला’ हा रकाना. तो नसता तर भेगा दिसल्या असत्या, पण त्या कशाच्या हे कळलं नसतं. एकाने विकत घेतलं, दुसऱ्याला दिलं, तिसऱ्याने दान केलं, नावं कुठे लिहिली नाहीत, असं झालं असतं तर हे प्रकरण लिफ्टमधल्या एका जाकिटावर संपलं असतं.

१९८६ च्या एप्रिल-मे महिन्यांत खटला चालवण्याइतका पुरावा आहे की नाही यावर प्राथमिक सुनावणी झाली. ती आठवडेच्या आठवडे चालली. भरल्या कोर्टात लिफ्टमधला साक्षीदार बोलला, चर्चचे वरिष्ठ बोलले, आणि शाईच्या भेगांची मोठी केलेली छायाचित्रं दाखवली गेली. न्यायाधीशांनी त्याच्यावर खटला चालवायचा आदेश दिला. आणि मग खटला झालाच नाही. जानेवारी १९८७ मध्ये हॉफमनने गुन्हा कबूल केला: दोन खून, सौम्य कलमाखाली, आणि फसवणुकीचे दोन गुन्हे. मृत्युदंड टळला. बदल्यात आपण काय काय केलं ते सरकारी वकिलांना सांगायचं अशी अट. मग तुरुंगात बसून तो तासन्‌तास सांगत राहिला, शाई कशी केली, कागद कुठून आणला, ठसा कसा झिजवला. पुढे १९८८ मध्ये सुटकेचा विचार करणाऱ्या मंडळापुढे दुसऱ्या बॉम्बचा विषय निघाला तेव्हा तो कुणाला लागतो याने आपल्याला फरक पडत नव्हता, अशा अर्थाचं तो बोलला. मंडळाने त्याला आजन्म तुरुंगातच ठेवायचं ठरवलं. त्याच काळात त्याने गोळ्या खाऊन मरायचा प्रयत्न केला, उजव्या हातावर तासन्‌तास पडून राहिला आणि तो हात कायमचा कामातून गेला. लिहिता हात.

अशी कबुलीची सौदेबाजी आपल्या सत्र न्यायालयात झाली नसती. सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात आपला कायदा तिला वाव देत नाही. म्हणजे आपल्याकडे शाईच्या प्रत्येक भेगेवर उलटतपासणी झाली असती, आणि दहा-पंधरा वर्षांनी निकाल लागेपर्यंत तुमचे ते कागद पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, वाळवीच्या ताब्यात राहिले असते. हे सहज सांगितलं.

पण आपल्या कायद्यात एक कलम आहे जे मला या सगळ्या व्यवहाराची किल्ली वाटतं. जुन्या पुरावा कायद्याचं ९० वं कलम, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ९२ वं. तीस वर्षांहून जुना कागद कोर्टापुढे आला तर त्यावरची सही, अक्षर खरं असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं, लिहिणारा, साक्षीदार हयात नसले तरी. मात्र एक अट आहे. तो कागद योग्य ताब्यातून आलेला हवा. म्हणजे असा कागद ज्या जागी, ज्या माणसाकडे असणं स्वाभाविक आहे, तिथूनच. जमिनीच्या वादात गावच्या कुलकर्णी घराण्याचा कागद कुलकर्ण्यांच्या वारसाने आणला तर ठीक, बाजारात भेटलेल्या अनोळखी माणसाने आणला तर कोर्ट भुवया उंचावणार. पाच गुंठ्यांच्या दाव्यात न्यायाधीश जो प्रश्न विचारतात तो तुम्ही पाच लाखांच्या कागदाला विचारत नाही. तुम्ही विचारता, ‘शिक्का आहे का?’

शिक्क्याचं म्हणाल तर मराठी मुलुखात बनावट सनदा आणि खोटे महजर (गावसभेचे निवाडे) ही काही नवी गोष्ट नाही. वतनाच्या भांडणात दोन्ही बाजूंनी कागद यायचे आणि त्यातला एक तरी खोटा असायचाच. आपले पूर्वज या बाबतीत तुमच्यापेक्षा जास्त संशयी होते. ते गोत, म्हणजे गावकऱ्यांची आणि वतनदारांची निवाडा करणारी सभा, जमवायचे, शेजारच्या गावच्या पाटलांना बोलवायचे, कागद कुणाच्या घरात कधीपासून आहे ते विचारायचे.

हॉफमनची तपासणी आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाही, हेही सांगायला हवं. मोडी कागदांवरची शाई बहुतेक काजळीची, त्यात लोखंड नाही, तेव्हा तशा भेगांची वाट पाहत बसू नका. काजळीची शाई दोनशे वर्षांनीही काळीच राहते, म्हणून नव्या-जुन्याचा फरक डोळ्यांना कळत नाही. जुन्नरी कागदाच्या जुन्या वह्यांची शेवटची कोरी पानं आजही मिळतात. बोरू तासता येतो. म्हणजे हॉफमनला जे कष्ट पडले त्यातले अर्धे इथल्या माणसाला पडणारच नाहीत. माझ्यासारख्याला दिसतात त्या वेगळ्या चुका. पत्रातला छ म्हणजे चंद्राची तारीख आणि पुढचा सुहूर सन (तेव्हा कागदोपत्री वापरलं जाणारं अरबी वर्ष) यांचा मेळ बसत नाही. मायन्याची पद्धत ज्या माणसाला लिहिलं त्याच्या मानाशी जुळत नाही. ‘लेखनसीमा’, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, भलत्या जागी येते. अक्षराच्या वळणात शाळेत देवनागरी शिकलेला हात डोकावतो. पण हे सगळं मी आज इथे लिहिलं की उद्याचा कारागीर ते सुधारून घेईल. म्हणून मजकुराच्या परीक्षेवर फार भिस्त ठेवू नका. कारागिराला सुधारता येत नाही अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे काल कागद कुठे होता. पेशवे दप्तरातला कागद आपल्या रुमालात, म्हणजे कापडी गठ्ठ्यात, शेजारच्या कागदांसह बांधलेला असतो. त्याच्या मागचा-पुढचा कागद त्याची साक्ष देतो. रुमालातून सुटा निघालेला कागद, खरा असला तरी, निम्मा मुका होतो.

चित्रांबद्दल थोडक्यात. नेदरलँड्समध्ये १९४७ साली हान व्हान मेगेरेन या चित्रकारावर खटला चालला तेव्हा कोर्टाच्या भिंतींवर त्यानेच केलेली ‘जुनी’ चित्रं टांगलेली होती. आधी त्याला पकडलं होतं ते राष्ट्राचा ठेवा असलेलं, सतराव्या शतकातल्या व्हर्मेर या डच चित्रकाराचं चित्र नाझी नेता गोअरिंगच्या हाती जाऊ दिलं म्हणून. तो म्हणाला, चित्र व्हर्मेरचं नाहीच, माझं आहे. कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा त्याने पहाऱ्यात बसून आणखी एक रंगवून दाखवलं. त्याच्याच एका चित्राला १९३७ साली ब्रेडियस या वयोवृद्ध पारख्याने व्हर्मेरची सर्वोत्तम कृती ठरवलं होतं, आणि रॉटरडॅमच्या संग्रहालयाने ते घेतलं होतं. रंग कडक करायला त्याने बेकेलाइट या प्लास्टिकच्या जातीचं रसायन वापरलं होतं, जे सतराव्या शतकात नव्हतंच. कुणी वेळेवर तपासलं असतं तर एका दिवसाचं काम होतं. आणि दूर कशाला जायचं? मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह गटातले सय्यद हैदर रझा २००९ साली दिल्लीत स्वतःच्या चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची बहुतेक चित्रं आपली नाहीत हे त्यांना तिथे उभं राहून सांगावं लागलं. २०११ मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली बहुतेक चित्रं बनावट ठरली. रझा हयात होते म्हणून सांगू शकले.

आता तुमच्याकडून काय हवं ते सांगतो.

लिलावगृहांनी सूचीत ‘एका प्रतिष्ठित कुटुंबाच्या संग्रहातून’ हे वाक्य छापणं थांबवावं. कुटुंबाला नाव जाहीर करायचं नसेल तर ते तुमच्या दप्तरी लेखी असू द्या, तारखेसह, आणि खरेदीदाराला ते पाहण्याचा हक्क द्या. १९७२ चा पुरावस्तू कायदा पंचाहत्तर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक हस्तलिखितांना लागू आहे, त्यांच्या धंद्याला परवाना लागतो आणि परवानाधारकाने नोंदी ठेवायच्या असतात. तेव्हा मी काही जगावेगळं मागत नाही. तपासणारा माणूस विकणाऱ्याने निवडलेला नसावा, आणि त्याचा अहवाल सही-शिक्क्यानिशी पूर्ण द्यावा, त्यातलं एक अनुकूल वाक्य नाही. आणि कृपा करून मोडीवाचकाला तज्ज्ञ म्हणू नका, त्याला तुम्ही पानामागे पैसे दिलेले असतात.

संग्राहकांनी न पाहिलेल्या मालाला उचल देऊ नये. मॅक्‌लेलिनच्या साठ्याची खातरजमा न करता बँकेने, चर्चने, गिऱ्हाइकांनी पैसे आणि शब्द गुंतवले. सगळा व्यवहार गुप्त ठेवायचा होता म्हणून चार गिऱ्हाइकांनी एकमेकांना एक प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर हॉफमन दिवाळखोर झाला असता, जास्तीत जास्त तुरुंगात गेला असता, आणि क्रिस्टेन्सन आज सत्तरीच्या घरात असता.

आणि खोटा निघालेला कागद गुपचूप परत करू नका. हे सगळ्यात अवघड, मला कळतं. अब्रू जाते, पैसे अडकतात, विक्रेता गोड बोलून रक्कम परत देतो आणि आपण सुटलो असं वाटतं. तो कागद मात्र पुढच्या गावी जातो. हॉफमन तुरुंगात जाऊन दहा वर्षं झाल्यावर, १९९७ साली, अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सनची अप्रकाशित कविता म्हणून त्याचाच एक कागद नामांकित लिलावात विकला गेला. २१,००० डॉलर. घेणारं तिच्याच गावचं, ॲमहर्स्टचं सार्वजनिक ग्रंथालय, पैसे लोकांनी जमवलेले. तिथल्या विशेष संग्रहाच्या अभिरक्षकाने मागचा माग काढायला घेतला तेव्हा तो थेट सॉल्ट लेक सिटीला जाऊन पोचला, आणि त्याने ते लपवून न ठेवता उघड सांगितलं. लिलावगृहाला पैसे परत करावे लागले. खोट्या कागदांची एक सामाईक नोंदवही आपल्याकडे असायला काय हरकत आहे? फोटो, कुठे कधी विकायला आला, का खोटा वाटला. विक्रेत्याचं नाव नका घालू, कायद्याची भीती असेल तर. कागदाचा फोटो तरी घाला.

शेवटचं संशोधन संस्थांसाठी. मॅक्‌लेलिनच्या कागदांची गोष्ट मी अर्धीच सांगितली. दोन माणसं ज्या साठ्यापायी मेली, तो हॉफमनकडे नव्हता. पण मॅक्‌लेलिनच्या खऱ्या रोजनिश्या जगात होत्या. खुनानंतर काही महिन्यांनी, १९८६ मध्ये, त्या सापडल्या: चर्चच्या स्वतःच्या तिजोरीत. १९०८ साली रीतसर विकत घेऊन तिथे ठेवल्या होत्या आणि नंतर सगळे विसरले. यादीत त्या कुणाला दिसल्या असत्या तर ‘मॅक्‌लेलिनचा साठा मिळालाय’ म्हणत आलेल्या माणसाला कुणीतरी विचारलं असतं की बाबा, मग आमच्याकडे आहे ते काय?

तुमच्या संस्थेत किती रुमाल न सोडता पडून आहेत, हे तुम्ही मला सांगणार नाही आणि मी इथे विचारणारही नाही. पण त्यांची यादी करा. सविस्तर नको, कागदागणिक एक ओळ: कुणाचं, कुणाला, कधीचं, कुठून आलं. वाचायला माणसं नाहीत ही सबब आता चालत नाही. मोडीचे वर्ग गावोगाव भरतात, शिकलेल्या तरुण मुलामुलींना सरावाला खरे कागद हवे आहेत. मी आणि माझ्या ओळखीचे काही मोडीवाचक हे काम मोबदला न घेता करू. अट एकच: यादी जाहीर झाली पाहिजे. कपाटाची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक मोडीवाचक